मागमूस न ठेवता

मंगळवारी सकाळी म्वालिमू कुंदाएली माझ्या दुकानात आले. लॅपटॉप त्यांनी बायकोच्या जुन्या किटेंगे कापडात गुंडाळून, वर गाठ मारून आणला होता. मोशीच्या बसस्टँडमागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अर्ध्या जागेत मी आणि अर्ध्या जागेत रोगाथे शिंपीण. म्वालिमू म्हणजे गुरुजी; त्यांनी माचामेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, आणि रोगाथेही त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांना बघताच तिचं मशीन थांबलं आणि तिनं थोरांना करतात तो नमस्कार केला.

"शिकामू, म्वालिमू."

"मरहबा. पाढे आठवतात का अजून?"

"कापड मापण्यापुरते आठवतात. आणि तुमची छडी पूर्ण आठवते."

एरवी ते हसले असते. आज त्यांनी गाठ सोडली आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "बिंती, पोरी, हे फार रडतखडत चालतं. यातलं नको ते सगळं काढून टाक. पार मुळासकट. शनिवारी मुलगी न्यायला येणार आहे."

त्यांच्या मुलीचं, आइकांडेचं, मला ऐकून ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी ती भांडून घर सोडून गेली, ती थेट तिकडे दक्षिणेला म्त्वाराला. मग चार महिन्यांपूर्वी तिची आई, अनासिया, गेली. तेव्हा मुलगी मातीला आली आणि त्याच दिवशी परत फिरली. गावात म्हणत होते, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

मी कामाला लागले. नेहमीचाच कचरा होता. एकमेकांच्या उरावर बसलेले दोन अँटीव्हायरस, ब्राउझरला चिकटलेल्या तीन पट्ट्या, कुठलासा पत्त्यांचा खेळ. एकेक काढला, मागे राहिलेले फोल्डर झाडले, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. तरी पंखा घरघरत होता आणि डिस्क काठोकाठ भरलेली. आत काय काय चालू आहे ते पाहिलं, तर प्रिंटरच्या नावाचा एक प्रोग्राम दिसला.

"घरी प्रिंटर आहे तुमच्या?"

"नाही."

मी तो बंद केला. तो आपोआप उठला. पुन्हा बंद केला, पुन्हा उठला. बसवलेल्या प्रोग्रामांच्या यादीत त्याचं नावही नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. अकरा वर्षांच्या धंद्यात असलं चार वेळा पाहिलंय. तीनदा नवऱ्याचं काम होतं, एकदा साहेबाचं.

"म्वालिमू," मी आवाज खाली आणून म्हटलं, "हे साधं नाही. कुणीतरी तुमच्या मुलीवर पाळत ठेवली होती. यावर बोटं टेकली की प्रत्येक अक्षर उतरून घेतलं जातं. पडद्याचे फोटोही घेतलेत. हवं तर तक्रार करता येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "रोगाथे," ते म्हणाले, "माझ्यासाठी खायला दोन मंदाझी आणतेस?"

आपल्याला बाहेर काढतायत हे तिला कळलं. ती चपला फरफटत गेली.

"तक्रार कुणाची करू?" म्वालिमू म्हणाले. "मीच बसवलंय ते."

मी माऊसवरचा हात काढला.

मग ते सांगत गेले, फळ्यावर गणित मांडावं तसं, पायरीपायरीनं. मुलगी विद्यापीठात निघाली तेव्हा त्यांनी हा लॅपटॉप घेतला आणि देण्याआधी अरुशाच्या एका माणसाकडून आत हा प्रोग्राम बसवून घेतला. एकुलती एक पोर, लांबचं शहर, म्हणून काळजी. तिनं काय लिहिलं ते रोज संध्याकाळी त्यांच्या ईमेलच्या पत्त्यावर येऊन पडायचं. वर्षभर अभ्यासाखेरीज काही नव्हतं. मग युसुफूचं नाव येऊ लागलं. युसुफू किनाऱ्यावरच्या पांगानीचा, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. दोघं लग्न करणार होते. नाताळच्या सुट्टीत आइकांडेनं ते आईला सांगितलं, एकट्या आईला. परीक्षा होईपर्यंत बाबांना कळू द्यायचं नाही असं मायलेकींचं ठरलं. तेही तिनं युसुफूला लिहिलं, आणि तेही म्वालिमूंनी वाचलं.

"मग?"

"मग मी पांगानीला गेलो. त्याच्या बापाच्या ओट्यावर उभा राहून बोलू नये ते बोललो. किनाऱ्यावरच्या माणसांबद्दल." एवढं बोलून ते थांबले. मी टांगाची, म्हणजे किनाऱ्यावरचीच, आणि नावही तिकडचंच, म्वानाइदी. मी कुठली आहे हे त्यांना तेव्हा आठवलं असावं. "माफ कर, बिंती."

"पुढं सांगा."

"त्यांनी लग्न मोडलं. असल्या घरात आमचा मुलगा द्यायचा नाही म्हणाले. आइकांडे घरी आली आणि आईपुढं उभी राहिली. म्हणाली, फक्त तुला माहीत होतं. अनासिया शपथा घेत होती, मी सांगितलं नाही, मी सांगितलं नाही. मी तिथंच होतो. खुर्चीत."

"तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"नाही."

मुलगी एका पिशवीनिशी निघून गेली, लॅपटॉप टेबलावर टाकून. त्यानंतर आईचा एकही फोन तिनं उचलला नाही. मग अनासियाचं ब्लड प्रेशर चढलं आणि ती बाजारात, केळ्यांच्या घडांशेजारी बसल्या जागी कोसळली. आता मुलीचा निरोप आला होता की शनिवारी येऊन माझ्या वस्तू नेईन.

"तिच्या नोकरीच्या ठिकाणी कॉम्प्युटर जाणणारे लोक आहेत," म्वालिमू म्हणाले. "कुणीतरी उघडून बघेल. म्हणून म्हणतो, मागमूस ठेवू नकोस."

मला राग आला होता. पण समोरचा म्हातारा माणूस एवढासा होऊन बसला होता, आणि काम काम असतं. प्रोग्राम काढायचा तर त्याचा पासवर्ड लागत होता. तो त्यांना तोंडानं सांगवेना. माझं पेन घेऊन त्यांनी बिलाच्या पाठीवर लिहिला. मुलीचं नाव आणि जन्मसाल.

मी प्रोग्राम उखडला. त्याला पुन्हा उठवणारा जोडीदार दुसऱ्याच फोल्डरात दडला होता, तोही काढला. मशीन सुरू होताना जे जे आपोआप जागं होतं त्या यादीतलं त्याचं नाव खोडलं, आतल्या नोंदींमधलं पुसलं. तीनदा सुरू करून पाहिलं. आता तो उठला नाही. उरलं फक्त एक लपवलेलं फोल्डर. डिस्क भरली होती ती त्यानंच. पूर्वी सगळं म्वालिमूंच्या पत्त्यावर जाऊन मशीन मोकळं व्हायचं. मुलगी गेल्यावर घरात इंटरनेट राहिलं नाही, आणि मशीन जेव्हा जेव्हा चालू झालं तेव्हाचं सगळं, पडद्याचे क्षणाक्षणाचे फोटो धरून, आतच साठत गेलं.

पुसण्याआधी मी तारखा पाहिल्या. सवय आहे. शेवटची नोंद पाच महिन्यांपूर्वीची होती.

"आइकांडे गेल्यावर हे कोण वापरत होतं?"

"कुणी नाही. टेबलावर पडून होतं."

"कुणीतरी वापरलंय. हे बघा."

मी फाईल उघडली. शब्द एकमेकांना चिकटलेले, मधे मधे चुका, आणि जिथं मागे येऊन खोडलं होतं तिथं तशा खुणांची रांगच्या रांग. भाषा किचग्गा होती, म्वालिमूंच्या घरची. मला ती येत नाही. ओळखू आलं ते पहिल्या ओळीतलं नाव, आइकांडे.

म्वालिमूंनी चष्मा चढवला, पडद्याजवळ वाकले आणि हलक्या आवाजात वाचू लागले. वाचता वाचता मला स्वाहिलीत सांगत होते, की स्वतःलाच, कुणास ठाऊक.

"आइकांडे, मी अनासिया, तुझी आई. तू शिकवलंस तसं उघडलं. मी सांगितलं नाही. कुणालाच नाही."

त्याखाली खोडल्याच्या खुणा होत्या. सगळं लिहून तिनं एकेक अक्षर पुसलं होतं, पण प्रोग्रामनं ते आधीच उतरून घेतलं होतं. पत्र पाठवायचं कसं ते तिला येत नव्हतं, आणि ठेवलं तर नवरा वाचेल अशी भीती असेल. असं अकरा वेळा झालं होतं. एकदा लिहिलं होतं, "आज केळ्यांचा घड मोठा आला, तुला त्याची मटोरी करून घातली असती." एकदा नुसतंच मुलीचं नाव, चार वेळा. म्वालिमू वाचत राहिले. शेवटचं पत्र मात्र त्यांनी मनातल्या मनात वाचलं.

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय, 'मला आता वाटतं, मी झोपेत बोलले असेन. दुसरं कसं कळणार बाबांना? बाळा, मी झोपेत बोलले असेन तर मला माफ कर.'"

त्यांनी चष्मा काढला आणि तसाच हातात धरून बसले.

"तिनं मला विचारलं होतं," ते म्हणाले. "एकदा सकाळी, चहा ओतताना. म्हणाली, अहो आइकांडेचे बाबा, मी झोपेत बोलते का हो? आणि मी म्हटलं, कधीकधी."

रोगाथे मंदाझी घेऊन दारात आली, आमच्याकडे पाहिलं आणि कागदाचा पुडा टेबलावर ठेवून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

"पुसू?" मी विचारलं. "तुम्ही सांगाल तसं करते. पण कळ तुम्ही दाबा. मी नाही दाबणार."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "राहू दे. शनिवारी तिला इकडंच पाठवतो. मीही येतो."

शनिवारी आइकांडे आली. अंगानं उंच, केस बारीक कापलेले, खांद्याला एकच पिशवी. वडिलांना तिनं वाकून शिकामू केलं, पण नजर दुसरीकडे. म्वालिमू उभ्यानंच बोलले. पाळतीचं सांगितलं, पांगानीचं सांगितलं, झोपेत बोलण्याचंही सांगितलं. काही गाळलं नाही, सारवासारव केली नाही. मी छापून ठेवलेली अकरा पानं तिच्यापुढं ठेवली.

तिनं ती उभ्यानंच वाचली. चौथ्या पानाशी खाली बसली. शेवटच्या पानावर तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला लिहिता येणार नाही. आईच्या मातीला जे रडली नव्हती ते सगळं त्यात होतं. रोगाथेनं तिला मागून धरून ठेवलं.

शांत झाल्यावर तिनं विचारलं, "मातीच्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी उभे होता, बाबा. तेव्हा का नाही सांगितलंत? मी तिच्या तोंडावर हात तरी फिरवला असता."

"भीती वाटली."

"कसली?"

"तू पण जाशील याची."

"मी तर गेलेच होते."

तिनं पानांची घडी करून पिशवीत ठेवली. "मी आईकडं जाऊन येते," ती म्हणाली. अनासियाला घराच्याच केळीच्या बागेत पुरलं आहे.

"मी येऊ?"

"नको."

आणि मग म्वालिमू माझ्या दुकानात बसून राहिले, कारण त्यांच्या स्वतःच्या घरी त्यांना जाता येत नव्हतं. दुपार झाली, चार वाजले. मी चहा दिला, त्यावर साय धरली. साडेचारला आइकांडे परत आली, पायांना लाल माती लागलेली. लॅपटॉप तिनं घेतला नाही. "हा तुमच्याकडे कुणा शिकणाऱ्याला द्या," मला म्हणाली. मग वडिलांकडे वळली.

"मावश्या अजून म्हणतात की अनासियाच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, पोटच्या पोरीचं गुपित तिला राखता आलं नाही. ती हे ऐकत गेली. तुम्ही सगळ्यांसमोर सांगा खरं काय ते."

"सांगतो. मग तू..."

"मग काही नाही, बाबा. फक्त सांगा."

ती पाचच्या बसनं गेली.

दुसऱ्या रविवारी मी माचामेला गेले. मी काही चर्चमधली नव्हे, पण त्यांनी निरोप पाठवला होता आणि मला नाही म्हणवेना. प्रार्थना संपून लोक बाहेर गवतावर जमले होते. अर्पणात आलेली अंडी, केळी, एक कोंबडी यांचा लिलाव व्हायचा होता. पाद्रीबाबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्वालिमू पुढं आले. वर्गात बोलायचे त्याच आवाजात त्यांनी पाच-सहा वाक्यांत सगळं सांगितलं. "अनासियानं शब्द मोडला नाही," ते शेवटी म्हणाले. "खोटा मी आहे. तिला मी खोट्यात मरू दिलं."

कोंबडी तेवढी टोपलीत फडफडत होती. मग अनासियाची थोरली बहीण काठी टेकत त्यांच्यापुढं आली. मला वाटलं, मारते की काय.

"तिनं मलाही विचारलं होतं, मी झोपेत बोलते का म्हणून," म्हातारी म्हणाली. "मी हसले होते रे. मी तिला हसले होते."

एवढं बोलून ती वळली आणि तिच्या मागोमाग बाकीच्या बायकाही निघाल्या. त्या दिवशी लिलाव झाला नाही.

मी म्वालिमूंबरोबर त्यांच्या वाटेच्या फाट्यापर्यंत चालले. "तिला कळव, मी सांगितलं म्हणून," ते म्हणाले. मी तिथूनच आइकांडेला निरोप धाडला. तिचं उत्तर आलं, "कळलं. मावशीचा फोन आला होता." एवढंच. मी ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी आणखी काही आहे का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं.

याला आता तीन वर्षं झाली. युसुफूचं पांगानीत लग्न झालं, मूलही आहे. आइकांडे दर जूनमध्ये येते. रस्त्यावरून थेट केळीच्या बागेत शिरते, आईपाशी तासभर बसते आणि आली तशी जाते. म्वालिमू त्या दिवशी सकाळपासून दार उघडं ठेवतात, चुलीवर मटोरी शिजवतात आणि उंबऱ्यात खुर्ची टाकून बसतात. ती बागेतून निघाली की ते उठून उभे राहतात. ती लांबूनच वाकून शिकामू करते. ते मरहबा म्हणतात. ती जाते.

गेल्या जूनमध्ये ती जाताना क्षणभर थांबली होती, असं त्यांनी मला दुकानात येऊन सांगितलं. चपलेचा पट्टा सुटला असेल, असंही तेच म्हणाले.