निरीक्षक गेल्यावरची प्रेतयात्रा

"गाडी येणार नाही म्हणजे? आजच्या दिवशी?" वडिलांची शवपेटी अंगणात आणि दुदू कमरेवर हात ठेवून भावजयीवर डाफरत होती.

"निवडणूक झाली, सरकार आलं. निरीक्षकांचं काम संपलं, काल गेले विमानाने," फिकिले म्हणाली.

"आणि ओढ्यापलीकडचे? त्यांचंही काम संपलं का?"

चार वर्षांत अलीकडचे आणि पलीकडचे एकमेकांच्या जिवावर उठले होते. फिकिलेचा नवराही त्यातच गेला. गेलं वर्षभर प्रेतयात्रा निघाली की या परदेशी निरीक्षक साहेबांची पांढरी गाडी, मारामारी होऊ नये म्हणून, ओढ्यावरच्या पुलावर मधोमध उभी राही आणि फिकिले दुभाषी म्हणून साहेबांचं बोलणं दोन्हीकडे पोचवी. जन्मभर शाळेचे वर्ग झाडणाऱ्या बाईचं बोलणं मोठमोठे पुरुष कान देऊन ऐकत. तिला ते फार आवडे, उगाच खोटं कशाला बोला!

सासऱ्यांनी जाताना एकच मागितलं होतं: पलीकडच्या दफनभूमीत बायकोशेजारी जागा. त्यामुळे पूल ओलांडणं भाग होतं.

पुलावर पलीकडचा मुखिया खंबुले दहा-बारा जणांसह काठ्या घेऊन उभा होता. फिकिले पुढे झाली.

"काय म्हणतात तुझे साहेब?" खंबुलेने विचारलं.

"साहेब नाहीत, बाबा. मीच बोलतेय. म्हाताऱ्याला त्याच्या बायकोजवळ न्यायचंय. वाट द्या."

"अगं, मग तसं सांग की! वर्षभर त्यांचंच बोलत होतीस. तुला स्वतःचं तोंड आहे हे आम्हाला काय ठाऊक?"

माणसं हसली. काठ्या कठड्याला टेकवून चौघांनी पेटीला हात लावला. फिकिलेला रडू आलं आणि बरंही वाटलं.

मूठमाती दिली की मयताच्या दारात हात धुवायचे, त्यात सवलत नाही. म्हणून चार वर्षांनी पलीकडची माणसं पूल ओलांडून म्हाताऱ्याच्या घराचा चढ चढली. दुदूने मटणाच्या पातेल्यात पाणी वाढवलं.

फिकिले फाटकाशी तांब्या घेऊन प्रत्येकाच्या हातांवर पाणी घालत होती. खंबुले शेवटी आला. हात धुऊन झाल्यावर तो हलेना. वैर मिटवायचं तर दोघांनी एकमेकांच्या हातांवर पाणी घालायचं, ही तिथली जुनी रीत.

"दे इकडे," तो तांब्या घेत म्हणाला. "आता तुझे हात."

क्षणभर तिला नवरा आठवला. मग तिने बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात पुढे केले.