फिरवलेली फरशी

मशीन-हॉलमधली एक फरशी कुणीतरी फिरवून बसवली होती. मंगळवारी सकाळी सात वाजता ती माझ्या नजरेला पडली आणि त्या घडीपासून मी कुणावरही विश्वास ठेवायचं बंद केलं. तशीही फार ठेवत नव्हते.

त्या हॉलची जमीन पोकळ आहे. खाली हातभर जागा, तिथून वायरी आणि गार हवा जाते, वर चौकोनी लोखंडी फरश्या नुसत्या ठेवलेल्या. फरशी जिथून उचलली तिथेच आणि तशीच ठेवावी लागते, नाहीतर पायाखाली डुगडुगते. म्हणून मी सफाईची मुकादम झाले त्या वर्षीच प्रत्येक फरशीच्या एका कोपऱ्यावर खिळ्यानं बारीक रेघ मारली. रेघ दाराकडे. इंजिनिअर लोक आधी हसले, मग गुपचूप तसंच ठेवायला लागले. बाहेरच्या माणसाला ही खूण ठाऊक असायचं कारण नाही. कागदांच्या कपाटाजवळच्या फरशीची रेघ त्या सकाळी भिंतीकडे होती.

फरशी उचलायची रबरी वाट्यांची मूठ एकच, आणि ती माझ्या सुनेच्या खणात असते.

सून माझ्याच कचेरीत अधिकारी आहे. सगळ्या प्रांतातले जन्म, लग्नं आणि मृत्यू आमच्या मोठ्या मशीनमध्ये नोंदलेले असतात आणि ते मशीन तिच्या ताब्यात. मशीन दोन कपाटांएवढं आहे, पण माणसांपेक्षा बरं वागतं. सव्वीस वर्षांत तीनदा नवीन आलं, कामाच्या वेळी बंद पडलेलं मी एकदाही पाहिलं नाही. आणि कुठलंही लहानसहान मशीन बंद पडलं की पहिलं बोट झाडणाऱ्याकडे जातं, म्हणून सव्वीस वर्षांत मी किंवा माझ्या बायकांनी एका वायरीला हात लावलेला नाही. हे मी मिरवते. मिरवण्यासारखं आहे.

घरी सून मला आई म्हणते, कचेरीत मावशी. ते आमचं ठरलेलं. मी तिला तिथे मॅडम म्हणते, आणि म्हणताना माझी जीभ किती जड होते ते तिला कळतं.

सहा महिन्यांपूर्वी ठरलं की मोठ्या मशीनमध्ये लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारा मुख्य प्रोग्राम, बसवायचं. कुठलं निवडायचं आणि कसं बसवायचं हे काम सुनेकडे आलं. मी विचारलं तेव्हा तिनं भाजी निवडता निवडता सांगितलं, "मोठ्या घरात भिंती घालून बिऱ्हाडं करतात ना आई, तसं. जुनं काम त्याच्या खोल्यांत राहील, नव्या खोल्यांत लिनक्स."

"आणि हे लिनक्स येतं कुठून?"

"जगभरच्या लोकांनी मिळून केलंय. तसं फुकट असतं. आत काय लिहिलंय ते कुणीही वाचू शकतं. ते सांभाळून देणारे असतात, त्यांना काय ते द्यायचं."

"जगात फुकट फक्त उपदेश मिळतो," मी म्हटलं.

तिनं तीन प्रकारची लिनक्स तपासली. दोन महिने घरात दुसरा विषय नाही. एक म्हणे फार देखणं होतं, पण आमच्या जातीच्या मशीनसाठी येतच नव्हतं. दुसरं येत होतं, पण नोंदींचा प्रोग्राम करणारे म्हणाले, त्याच्यावर काही बिघडलं तर आम्हाला फोन करू नका. तिसरं रुक्ष, जरा जुनाट, पण दहा वर्षं सांभाळायची लेखी हमी. तिनं तिसरं घेतलं.

"जावई असाच निवडावा," मी म्हटलं.

"आणि सून?"

"सून माझ्या मुलानं निवडली. मला कुणी विचारलं नाही."

ती हसली. तेव्हा अजून हसायची. तेव्हाच तिनं मला एक गंमत दाखवली होती. एकाच नावाचा प्रोग्राम असला तरी प्रत्येक जातीच्या मशीनसाठी तो निराळा बांधावा लागतो. वर 'लिनक्सवर चालतो' लिहिलं म्हणून भुलायचं नाही, कुठल्या मशीनवरच्या लिनक्सवर ते विचारायचं. आणि मशीन स्वतःची जात स्वतः सांगतं. आमच्या मोठ्या मशीनचं नाव तिनं कागदावर काढून दिलं: आधी सापासारखं वळलेलं अक्षर, मग तीन आकडे, शेवटी फुली. टेबलावरच्या साध्या मशीनांची फुली सगळ्यात पुढे. मी चौथीतून शाळा सोडली आणि ती लिपी तर कधी शिकलेच नाही, पण फुली मला कळते. मजुरीच्या कागदावर मी पुष्कळ फुल्या पाहिल्यात.

लिनक्स नीट बसलं. मग आला टायवाला.

तो नोंदी शोधायचा प्रोग्राम विकणाऱ्या कंपनीचा माणूस. कुणाचंही नाव टाका, डोळ्याचं पातं लवायच्या आत तीन पिढ्या पडद्यावर. हसताना फक्त खालचे दात दाखवायचा. मशीनमधलं एक बिऱ्हाड त्याला दिलं होतं आणि स्वीकारल्याची सही होईपर्यंत त्याची किल्ली, म्हणजे आत शिरायचा परवलीचा शब्द, त्याच्याकडेच. प्रोग्राम मोठ्या मशीनवर व्यवस्थित चालतो अशी सही सुनेनं शुक्रवारी करायची होती. पुढे काही बिघडलं तर प्रांतात कुणाचा जन्म नोंदला जाणार नाही की मरण, आणि मान तिची जाणार.

टायवाला आल्यापासून सून बदलली. दोनदा त्याच्या गाडीतून घरी आली. दोन्ही वेळा मी खिडकीत होते. मी काही मुद्दाम उभी नव्हते, पडदा धुवायला काढत होते. जेवताना घास हातात धरून बसायची. आणि सोमवारी संध्याकाळी गॅलरीत फोनवर हळू आवाजात बोलताना मी ऐकलं, "आईंना यातलं काही कळू देऊ नका. शुक्रवारचं काय ते होऊन जाऊ दे."

माझा मुलगा जहाजावर आचारी आहे, नऊ नऊ महिने पाण्यावर. घरात आम्ही दोघीच. मग फोनवर कोण, हा प्रश्न मला पडणारच. मला तो जरा जास्तच पडला, हे आता कबूल करते.

दुसऱ्या दिवशी ती फरशी दिसली.

मी उलथन्यानं फरशीची कड उचलली. खाली एक नवीकोरी निळी वायर होती, धूळसुद्धा न बसलेली. ती मोठ्या मशीनकडून कागदांच्या कपाटामागे जात होती. कपाट मी एकटीनं सरकवलं. मागे पावाच्या डब्याएवढं एक काळं मशीन बसलं होतं, तापलेलं, पंखा गरगरतोय. त्याची वीज माझ्या व्हॅक्यूमच्या सॉकेटमधून घेतली होती. त्या सॉकेटमध्ये अकरा वर्षांत माझ्या व्हॅक्यूमशिवाय दुसरं काही गेलेलं नाही. त्या आठवड्यात मी त्या कोपऱ्यात व्हॅक्यूम न लावता नुसता झाडूच मारत होते, तेवढी संधी बघून कुणीतरी डाव साधला होता.

कपाट परत लावलं, फरशी होती तशी फिरलेलीच ठेवली आणि गप्प बसले. मूठ सुनेच्या खणात, फोन गॅलरीत, गाडी टायवाल्याची. दोन दिवस मी तिच्या हातांकडे बघत होते. ती मीठ मागायची तर मी आधी तिच्या तोंडाकडे बघायची.

गुरुवारी संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना मी विचारलं, "कपाटाजवळची फरशी कुणी फिरवली?"

"कुठली फरशी?"

"तुला ठाऊक नाही?"

"आई, सरळ बोला. दोन दिवस झाले, तुम्ही माझ्याकडे मी पाकीट मारल्यासारखं बघताय."

"मूठ तुझ्या खणात असते."

"ती टायवाल्यानं मागून नेली होती शनिवारी. वायर बघायची म्हणाला." तिच्या हातातली चादर तशीच राहिली. "काय आहे फरशीखाली?"

मी सांगितलं. ती खाली बसली, घडी घातलेल्या कपड्यांवरच.

"तरीच," ती म्हणाली. "चार-पाच दिवस माझं डोकं खातंय. शोधा म्हटलं की उत्तर झटक्यात येतं आणि आपलं मशीन ढिम्म. काम होतंय, पण आपल्या घरात घाम कुणाला येत नाही. विचारलं की म्हणतो, आमचा प्रोग्राम हलका आहे. आत बघू द्या म्हटलं की म्हणतो, सहीनंतर. गाडीत दोनदा किल्ली मागितली, दोन्ही वेळा रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलत राहिला."

"आणि फोनवर कोण होतं?"

"तुमचा मुलगा. दुसरं कोण असणार?" मग तिला कळलं मी काय धरून बसले होते ते. तिनं चादर बाजूला ठेवली. "सही करणार नाही असं त्यांना सांगत होते. मोठ्या साहेबांना सहीची घाई आहे, पुरावा माझ्याकडे नाही. सही नाकारली तर मला घरी बसवतील. तुम्हाला कळलं तर तुम्ही साहेबांच्या खोलीत झाडू घेऊन जाल, म्हणून सांगू नका म्हटलं."

"गेले असते," मी म्हटलं.

माफी मागायची मला सवय नाही. मी उठून चहा केला. तिला साखर कमी लागते हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं; त्या दिवशी कमी घातली.

शुक्रवारी सात वाजता आम्ही दोघी हॉलमध्ये होतो. तिनं एक पडदा आणला आणि त्या काळ्या डब्याला जोडला. आत जायला परवलीचा शब्द हवा होता, तो नव्हता, पण पडद्यावर दारावरची पाटी तेवढी दिसली: दोन ओळी आणि त्यात मशीनची जात.

मी बोट ठेवलं. "फुली पुढे आहे."

"तुम्ही लक्षात ठेवलंत?"

"शाळा कमी मिळाली, डोळे पुरेसे मिळाले."

म्हणजे टायवाल्याचा प्रोग्राम आमच्या मशीनसाठी बांधलेलाच नव्हता. त्याच्या बिऱ्हाडात नुसता एक निरोप्या बसवला होता. तो प्रश्न घ्यायचा, वायरीतून डब्याकडे न्यायचा आणि उत्तर आणून आपलं म्हणून सांगायचा. एक माणूस शोधत होता तोवर ठीक. सगळा प्रांत शोधायला लागला की डबा आडवा.

"चल, साहेबांना हे दाखवू," मी म्हटलं.

"दाखवलं तर तो म्हणेल, हा आमचा चाचणीचा डबा आहे, याचा संबंध नाही. साहेबांना अक्षरं कळत नाहीत. बंद पडलेला पडदा कळतो." तिनं पडदा डब्यापासून सोडवला. "आई, दहा वाजता तुम्ही इथे कपाट पुसायला या. तो शोधून दाखवायला लागला की मी खूण करीन. तुम्ही वायर काढा."

"सव्वीस वर्षं," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"तू नंतर म्हणालीस की मी सांगितलंच नव्हतं, तर?"

"मी तुम्हाला सगळ्यांसमोर आई म्हणून हाक मारीन. तीच खूण. मग मला नाही म्हणता येणार नाही."

दहा वाजता मोठे साहेब आले, मागे चार माणसं, पुढे टायवाला. साहेबांनी त्यांच्या आजोबांचं नाव टाकायला सांगितलं. आजोबा आले, आजोबांचे भाऊ आले, सगळे माना डोलवायला लागले. टायवाल्यानं कागद सुनेपुढे सरकवला आणि पेन उघडून दिलं. मी कपाट पुसत होते. एवढं चकचकीत ते कपाट कधीच नव्हतं.

सुनेनं पेन घेतलं. कागदाकडे बघत राहिली. माझ्या मनात आलं, ही आता सही करते. तेवढ्यात ती म्हणाली, "साहेबांच्या आजींचं नाव टाका ना." त्यानं टाकलं. तेव्हा ती मागे न वळता म्हणाली, "आई."

माझा हात कपाटामागे गेला. प्लग गरम होता. मी ओढला.

पडद्यावर आजी आल्या नाहीत. एक चक्र नुसतं फिरत राहिलं.

मोठं मशीन तिथेच, चार पावलांवर, त्याचे दिवे जसेच्या तसे. बिघाड झाला तर माणूस मशीनकडे धावेल. टायवाला मशीनकडे गेला नाही. तो सरळ माझ्याकडे आला, कपाटामागे वाकला आणि म्हणाला, "या सफाईवाल्या बाईनं वायर काढली. म्हणून बंद पडलं."

"मावशी, काढलीत?" साहेबांनी विचारलं.

"काढली." प्लग माझ्या हातातच होता. "ही बघा. माझ्या व्हॅक्यूमच्या सॉकेटमधली. मोठ्या मशीनची वायर मनगटाएवढी आहे साहेब, ती माझ्याच्यानं निघायची नाही."

साहेबांनी मोठ्या मशीनच्या दिव्यांकडे बघितलं, मग प्लगकडे, मग टायवाल्याकडे. त्यांना थोडा वेळ लागला, पण पोचले. "कपाटामागे तुमचं काय आहे?"

"तात्पुरती सोय. आमचा प्रोग्राम या जातीच्या मशीनसाठी बांधायचं काम चालू आहे, सहा महिन्यांत..."

सुनेनं पेनाला टोपण लावलं आणि त्याच्या खिशात ठेवून दिलं. "बांधून झाला की या," ती म्हणाली. "किल्ली आधी द्यायची."

सगळे गेल्यावर साहेब मागे थांबले. "वायर काढायला सांगितली कुणी?" त्यांनी मला विचारलं.

"सुनेनं," मी म्हटलं. कचेरीत तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला, आणि जीभ अजिबात जड झाली नाही.

साहेब निघून गेले. मी फरशी उचलली, रेघ दाराकडे करून बसवली, त्याच सॉकेटमध्ये व्हॅक्यूम लावला आणि कपाटामागचा आठवड्याचा कचरा काढला.

सोमवारी सून हॉलमध्ये आली. नवीन कंपनी बघायची होती, पुन्हा पहिल्यापासून, आणि यावेळी पहिला प्रश्न लेखी विचारायचा ठरला होता: कुठल्या मशीनवर. ती मूठ घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, तिसऱ्या रांगेतली फरशी जरा उचलायचीय."

"कशाला?" मी विचारलं.

तिनं नीट सांगितलं. मग मी उचलू दिली.