दादाचा पेचकस

माझ्या थोरल्या लेकीला पहिली मुलगी झाली, त्या वर्षाची ही गोष्ट. दादा तेव्हा सत्तरीला टेकला होता आणि मी साठी ओलांडली होती. गॅरेज आम्हा दोघा भावांचं. दादाचा कान आणि माझा हात, ही वाटणी पहिल्यापासूनची. गाडी आली की दादा लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि बिघाड सांगायचा. त्याने सांगायचं, मी खोलायचं. गिऱ्हाइकापुढे त्याच्या आधी मी कधी तोंड उघडलं नाही. पूर्वी तो ऐकताना डोळे मिटायचा. अलीकडे उघडे ठेवायचा. वयाचं लक्षण, असं मी धरून चाललो.

एक दिवस त्याच्या पाठीमागे माझ्या हातून मोठा पाना पडला. दणका असा, की समोरचा शिंपी दुकानातून बाहेर आला. दादा वळला नाही. चहा पीत राहिला.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दादाचा कान म्हणजे दादा. कानच गेला, तर त्याने इंजिनापाशी कशासाठी उभं राहायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आपला पिकअप घेऊन आला. गाडी वीस वर्षांची, एक दार निळं, एक पांढरं.

"मिस्त्री, सकाळी चालू केली की पुढे कुणीतरी दात खातंय. तापली की गप्प."

"बायकोला पुढे बसवत जाऊ नकोस," दादा म्हणाला. हा त्याचा नेहमीचा विनोद.

मी बॉनेट उघडलं, गाडी चालू केली. किरकिर मला लांबूनच कळली. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. पट्टा उतरवून पुली नुसती हलवली असती, तरी हाताला लागलं असतं. दादाने पेचकस टेकवला, मूठ हाडाला लावली. मला त्याच्याकडे बघवेना. मी तोंड फिरवून उगाच फडक्याने हात पुसत बसलो.

"काही नाही," दादा म्हणाला. "पट्टा जुना झालाय, कुरकुरतो. घेऊन जा."

मी बॉनेट बंद केलं. म्हटलं, संध्याकाळी दूधवाल्याला गाठू आणि गुपचूप पंप बदलून देऊ. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो, तर तो दूध घेऊन लांबच्या गावी गेला होता.

तिसऱ्या दिवशी पिकअप दोराने ओढत आणला. वाटेत पंप जाम झाला, पट्टा जळून तुटला, पाणी उकळलं, इंजिनाचं हेड वाकलं. दूध सगळं नासलं होतं.

"आंधळ्या-बहिऱ्याची गाठ पडली म्हणायची," दूधवाला म्हणाला. "एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला दिसत नाही." जुना माणूस तो, रागातही हसला आणि पायी घरी गेला.

दादा बाकावर बसला. मला समोर बसवलं.

"तुला ऐकू आला होता आवाज?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"खोटं बोलतोस. दोन वर्षं मी तुझ्या तोंडाकडे बघून गाड्या सांगतोय. बोलणं ओठांवरून ओळखतो. जाड ठोका हाडातून कळतो मला, बारीक कळत नाही. बेअरिंग असलं की तुझी भुवई चढते. टॅपेट खडखडत असला की ओठ दाबतोस. त्या दिवशी तू तोंड फिरवलंस. मी म्हटलं, काही नसेलच. कीव आली होय रे माझी?"

मी उठून पिकअपचं बॉनेट उघडलं.

हेड घासून आणलं, पंप नवा घातला, गाडी मी एकट्याने उभी केली. दादा त्या दिवसापासून इंजिनापाशी आला नाही. रोज यायचा, दाराशी बाकावर रस्त्याकडे तोंड करून बसायचा. मी बोलायचो ते त्याच्या पाठीला.

नात शाळेत जायला लागली, तेव्हा तिच्या पाटीवर मीही अक्षरं गिरवली. दादा चौथीपर्यंत शिकलेला, मी शाळेची पायरी चढलो नव्हतो. लिहिता आलं तर तो वाचेल, एवढाच हिशोब. वर्षभराने एक ओळ जमली. दूधवाल्याचा पिकअप पुन्हा आला होता, आतून जाड ठक-ठक येत होती. मी पाटी दादाच्या मांडीवर ठेवली. तिच्यावर एवढंच लिहिलं होतं, "दादा, इकडे बघ."

त्याने वाचलं. खडू मागितला आणि खाली लिहिलं, "तूच बघ. माझ्याकडे बघू नकोस."

मग बाकाखाली ठेवलेला पेचकस काढून माझ्या हातात दिला.

अजून तोच वापरतो. मूठ हाडाला लावतो, डोळे मिटत नाही. बेअरिंग असलं की भुवई चढते, हे आता माझं मलाच कळतं. समोर बघतो, तर भिंतीवर पट्टे टांगलेले असतात.

माझा थोरला भाऊ, नात तिसरीत गेली त्या वर्षी, शाळा उघडल्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी, गॅरेजच्या बाकावर वारला.