दहापट सायकल

चित्रकलेच्या बाईंना सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. आठवड्याला त्यांचे दोन तास, आणि ते गणिताला देऊन टाकावेत असं मोठ्या बाईंच्या मनात घोळत होतं. गणिताचे सर म्हणजे बाईंचे सख्खे दीर. घरी ‘वहिनी, चहा टाकताय ना’ म्हणणारा माणूस शाळेत आपले तास गिळणार, या विचाराने घास गोड लागेना. शेवटी बाईंनीच सुचवलं, दोघं मिळून एक तास घेऊन दाखवतो, मग काय ते ठरवा.

तास ठरला सातवीवर. सायकलीच्या एका लहान चित्रावर चौकटी पाडल्या, प्रत्येकाला एकेक चौकट दिली. ती दहापट मोठी काढायची आणि सगळे कागद भिंतीवर जोडायचे. सरांनी कोरे कागद बरोबर दहापट कापून दिले. बाईंनी रेघा पाहिल्या, वळणं पाहिली. कागदावरचं चित्र मात्र कोणीच मोजलं नाही. दिराला वाटलं वहिनी बघतील, वहिनींना वाटलं मोजमाप हे दिराचं खातं.

आता मोठ्या बाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या होत्या आणि भिंतीवरची सायकल काही केल्या जुळत नव्हती. दांडा मध्येच तुटायचा, साखळी हवेत लोंबायची. बाईंना कारण दिसलं. पाचवीपासून त्यांनी या मुलांना एकच वळण लावलं होतं: आधी चारी बाजूंनी फूटपट्टीच्या रुंदीचं मार्जिन, मग चित्र. पोरांनी इमानेइतबारे मार्जिन सोडून उरलेल्या जागेत चौकट बसवली होती.

“कापू या बाई मार्जिन,” पुढचा मुलगा म्हणाला. कात्र्या निघाल्या. कडा उडाल्या, कागद सरकले, आणि सायकल खरोखर जुळू लागली. मागच्या चाकाचा एक चतकोर तेवढा राक्षसासारखा बाहेर आला.

तो वटवटीचा, म्हणजे अखंड बडबडीमुळे वर्गाने हे नाव पाडलेल्या मुलीचा. हिला मार्जिनचा कंटाळा, त्यापायी दर आठवड्याला ओरडा खायची.

“तुझं कसं काय गं मोठं?” बाईंनी विचारलं.

“माझं नाही मोठं. यांचंच बारकं आहे. मोजा की.”

सरांनी मोजलं. वटवटीचं दहापट, बाकी सगळ्यांचं आठपट. ते बाईंच्या कानाशी वाकले. “हिचं बाकीच्यांएवढं पुन्हा काढून घ्या आणि दहापट म्हणून सांगून टाका. मोठ्या बाई कुठे पट्टी घेऊन उठतायत.”

हा माणूस आपल्याला वाचवतोय की खड्ड्यात घालतोय, बाईंना उमगेना. हातातली खडूची पूड त्यांनी पदराला पुसली, मग पुन्हा पुसली.

“मोठ्या बाई, हिचं एकटीचंच बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांचं माझ्या सवयीने लहान झालंय.”

“मग आता?”

उत्तर वर्गानेच हिसकावलं. एक म्हणे वटवटीनेच पुन्हा काढावं, सोपं पडेल. वटवट म्हणे, “बरोबर असलेलं मी का बदलू?” कोणी म्हणे सगळी सायकल आठपट ठेवा. दुसरा म्हणे, मग सरांनी फळ्यावर दहा लिहिलंय त्याचं काय? सरांनी दहा पुसलं, आठ लिहिलं, तेही पुसलं. घंटा झाली. भाषेचे गुरुजी दारात पुस्तक घेऊन उभे राहिले, पण त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मोठ्या बाई उठल्या. बाईंना राहवेना. “माझ्या तासांचं काय?”

“दोन्ही राहतील. एकात सर येऊन बसतील.”

“बसतील की शिकवतील?”

“ते तुम्ही घरी ठरवा,” म्हणून मोठ्या बाई गुरुजींना घेऊन निघाल्या.

मिळालं किती आणि गेलं किती, बाईंच्या मनात बेरीज जुळेना. एक तास शाबूत, दुसऱ्यात भागीदार, तोही घरचा. त्यांनी मान वळवली. सर गुडघे टेकून वटवटीच्या चाकाला पट्टी लावत होते, भोवती पोरांचा गराडा.

“सरका, भावजी,” शाळेत कधी न वापरलेला शब्द बाईंच्या तोंडून गेला. “तिथे वळण येतंय. पट्टीने नाही जमायचं.”

मुलं फिदीफिदी हसली. सर मात्र सरकले नाहीत. त्यांनी नुसता कोपर आत घेतला.