राखाडी गाडीचं कौतुक

टाचणीकाकांनी बत्तीस वर्षांच्या संसारात स्वतःला हवी ती वस्तू तोंडाने मागून कधी घेतली नव्हती. त्यांची पद्धत वेगळी होती. दुकानात दोन वस्तू समोर आल्या की जी नको असेल तिची ते तोंडभरून स्तुती करायचे. बायको लगेच म्हणायची, "तुम्हाला त्यातलं काय कळतं हो?" आणि दुसरी उचलायची. ती दुसरी म्हणजेच काकांना हवी असलेली. हिरवं कपाट असंच घरात आलं, भिंतीवरचं मोठं घड्याळ असंच आलं, लेकीची पहिली सायकलही अशीच आली. काका गालातल्या गालात हसत पिशव्या उचलायचे.

एकदाच घोटाळा झाला. घरच्या सोफ्याला कापड निवडायचं होतं आणि काकांची दाढ ठणकत होती. त्या ठणक्यात ते पद्धत विसरले आणि निळं कापड सुरेख आहे, असं खरं खरं बोलून बसले. तेव्हापासून अठरा वर्षं घरात जांभळा सोफा होता. काकांचा धंदाच सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीटा शिवायचा, मनात आणलं असतं तर एका दुपारी ते कापड बदललं असतं. पण बायकोची आवड म्हणून त्यांनी त्याला कधी कात्री लावली नाही.

काम करताना त्यांच्या तोंडात कायम टाचण्या, म्हणून सगळे त्यांना टाचणीकाका म्हणत. तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकांशी बोलणं बायकोकडे. गाडी चालवणंही तिच्याकडेच. काकांकडे परवाना होता, पण ते शेजारी बसून रस्ता सांगायचे, जो तिला आधीच माहीत असायचा.

ती गेली त्याला नऊ महिने झाले होते. तिच्यामागोमाग जुनी गाडीही गेली, मेकॅनिकने हात टेकले. घर होतं चढावर, घराखालीच काकांचं दुकान, आणि बस यायची ती खालच्या चौकापर्यंत. फोमचा गठ्ठा खांद्यावर घेऊन काका चढ चढायला लागले की लांबून एक गादीच चालत येतेय असं वाटायचं. दोनदा ते मध्येच बसले. दुसऱ्यांदा लेकीच्या मैत्रिणीने पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत लेक दारात हजर.

तिने सरळ सांगितलं. "बाबा, शनिवारी गाडी बघायला जाऊ. निवडायची तुम्ही. मी तुमच्याच दोऱ्याने तोंड शिवून बसेन. पण तुमच्याच्याने ठरलं नाही, तर या महिन्याअखेर दुकान बंद करायचं आणि आमच्याकडे यायचं राहायला. साध्या गाडीचं ठरत नसेल, तर एकट्याने कसं राहणार तुम्ही?"

काका हो म्हणाले. लेकीच्या घरी सगळं होतं, जावई सज्जन होता, पण तिथे शिलाई मशीन ठेवायला जागा नव्हती आणि तिच्या आईची हिरव्या कपाटातली, टाचण्यांनी भोकं पडलेली पाकिटंही तिथे जाणार नव्हती. त्या पाकिटांवर बायकोच्या अक्षरात गिऱ्हाइकांची मापं होती. काकांना आपल्या घरातून हलायचं नव्हतं, एवढंच.

शनिवारी तिघं शोरूममध्ये पोचली. जावई शाळेत गणित शिकवायचा, त्याने रात्र जागून दोन पानी तक्ता केला होता. दोन छोट्या एसयूव्ही उरल्या होत्या. एक राखाडी, हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी. दुसरी पिवळी, नुसती विजेवरची. तक्त्यात राखाडीला एकवीसपैकी सोळा गुण होते. निकालात पास-नापास बघतात तसे काका त्या तक्त्याकडे बघत राहिले.

सेल्सवाली चटपटीत होती. तिने आधी राखाडीत बसवलं. काकांनी बसायच्या आधी सीट दाबली, शिवणीवरून नख फिरवलं, खाली वाकून आतली पट्टी ओढून पाहिली. शिवण चांगली होती. गाडीही चांगली होती, त्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त सिग्नलला थांबलं की इंजिन गप्प व्हायचं आणि थोड्या वेळाने आपलं आपण सुरू व्हायचं, लग्नाच्या बैठकीत मध्येच घसा खाकरणाऱ्या एखाद्या आजोबांसारखं.

मग पिवळी. काका चाकामागे बसले, पट्टा लावला, आणि वाट बघत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं की चालू कधी होते.

"कधीचीच झालीय, काका," सेल्सवाली म्हणाली.

काकांनी पाय जरासा टेकवला. गाडी अशी निघाली की मागे बसलेल्या जावयाचा तक्ता त्याच्याच तोंडावर चिकटला. आवाज नाही, धक्का नाही, नुसतीच निघाली, चांगल्या कात्रीखालून कापड निघावं तशी. काकांच्या पोटात गुदगुल्या झाल्या. सेल्सवालीने सांगितलं होतं की चौकातून परत फिरायचं. काकांनी चौकाला एक वळसा घातला, मग दुसरा घातला, आणि तिसऱ्याला मागून जावई अगदी नम्रपणे म्हणाला की बाबा, रस्ता मागेच गेला. काका नाकातून हसत होते. नऊ महिन्यांत त्यांच्या नाकातून असा आवाज आला नव्हता. लेक खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

परत येऊन सगळे टेबलाशी बसले. सेल्सवालीने विचारलं, मग काका, कोणती?

काकांच्या मनात उत्तर एकच होतं, पिवळी. दुकानात मशीन आणि कॉम्प्रेसरसाठी जाड वायर आधीच ओढलेली होती, रात्री गाडी चार्जिंगला लावून झोपायचं, झालं. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "राखाडी फारच छान आहे."

बोलले, आणि सवयीने थांबले.

लेक छताकडे बघत होती, ओठ आवळून. सेल्सवालीचा चेहरा उजळला. आणि जावयाने, ज्याला या घरातली पद्धत ठाऊक असायचं कारण नव्हतं, टेबलावर थाप मारली. "अगदी माझ्या मनातलं बोललात, बाबा."

काकांना वाटलं, आपलं कौतुक कमी पडलं. त्यांनी जोर वाढवला. राखाडीचा रंग मळखाऊ आहे, म्हणाले. दारं कशी भक्कम लागतात, म्हणाले. जावई प्रत्येक मुद्द्यावर तक्त्यात खूण करत होता, सोळाचे अठरा झाले, अठराचे एकोणीस. काकांना घाम फुटला. घाबरून त्यांनी पेला ठेवायच्या खोबणीचीसुद्धा तारीफ केली, इतकी गोल खोबणी मी आजवर पाहिली नाही म्हणाले. सेल्सवालीने फॉर्म काढला, त्यावर राखाडी असं लिहिलं, सही कुठे करायची तिथे फुली मारली आणि पेन काकांच्या हातात दिलं.

काकांनी डावीकडे पाहिलं. तिथे रिकामी खुर्ची होती. कुठल्याही दुकानात बायको नेहमी डाव्या बाजूला उभी राहायची, पर्स दोन्ही हातांनी धरून. तुम्हाला त्यातलं काय कळतं हो, हे आता कोणीही म्हणणार नव्हतं. आज नाही आणि पुढेही नाही. सही केली तर राखाडी गाडी दारात येणार, आणि उद्या कोणी चांगुलपणाने विचारलं, की लेकीकडे राहायला आवडेल ना, तर ते त्याचंही असंच कौतुक करत बसणार.

त्यांनी पेन खाली ठेवलं. तोंडात एकही टाचणी नव्हती, तरी ती काढून ठेवावी तसा त्यांनी ओठांवरून हात फिरवला.

"मला पिवळी हवी," ते म्हणाले.

आवाज जरा मोठाच निघाला. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने वळून पाहिलं. जावई तक्त्याकडे आणि सासऱ्याकडे आळीपाळीने बघत होता. "पण बाबा, एकोणीस गुण—"

"असतील. मला पिवळी हवी. पहिल्या वळशालाच हवी होती."

लेकीने तोंडावर दोन्ही हात दाबले होते, ते काढले आणि ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग पाणी थांबेना. "अजून एकदा त्या खोबणीचं नाव काढलं असतंत ना बाबा, तर मी शपथ मोडली असती."

काकांनी विचारलं, तुला कसं ठाऊक?

"आईने सांगितलं होतं, मी दहा वर्षांची असताना. म्हणायची, तुझ्या बाबांना काय हवंय ते विचारायचं नसतं, काय नकोय ते ऐकायचं असतं."

बत्तीस वर्षं ते तिला फसवत होते, आणि ती बत्तीस वर्षं नीट कान देऊन फसत होती. मग त्यांना एकदम आठवलं. "आणि जांभळा सोफा?"

"तुम्ही निळ्याला इतकं वाखाणलंत, तिला वाटलं तुम्हाला जांभळाच हवाय. तिला स्वतःला तो बघवत नव्हता. पाठ करून बसायची त्याच्याकडे."

ती सोफ्यावर न बसता समोरच्या खुर्चीवर का बसायची, हे काकांना आत्ता कळलं. त्यांना हसू फुटलं ते आवरेना. जावई हसला, का ते न कळता. सेल्सवालीने नवा फॉर्म काढला आणि तीही हसली. काकांनी सही केली ती रेघेच्या बाहेर गेली.

आठवड्याने काका गाडी आणायला एकटेच गेले. लेक येते म्हणाली होती, पण काकांनी नको म्हटलं, आणि नको म्हणजे खरंच नको, हेही सांगितलं. येताना ते फोमवाल्याकडे थांबले. गठ्ठा वीतभर मोठा, मागे मावेना, तेव्हा त्यांनी तो शेजारच्या सीटवर उभा केला आणि पट्टा लावला. त्याच्या पायाशी निळ्या कापडाचा तागा ठेवला.

चढ आला. जिथे ते दोनदा बसले होते ती जागा आली आणि गेली, कळलंसुद्धा नाही. काकांच्या पोटात पुन्हा गुदगुल्या झाल्या. त्यांनी शेजारी पाहिलं.

"अगं," ते म्हणाले, "अगदीच टुकार गाडी आहे. काही म्हणजे काही दम नाही हिच्यात."

आणि घराचं वळण मुद्दाम सोडून ते वरच्या चौकातून एक वळसा घालून आले.