तुटला म्हणून सांगितलेला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. खरं तर आता अर्धाच उरलो आहे. पण अख्खा होतो तेव्हा माझ्या आधाराने कितीतरी चिमुकली पावलं रांगेत चालली.

माझा जन्म एका दोर वळणाऱ्याच्या अंगणात झाला. नवरा एका टोकाला चाक फिरवायचा आणि बायको सुताचे पदर सोडत मागे मागे सरकायची. दोघांचं दिवसभर भांडण चालायचं, पण माझा पीळ त्यांनी कुठे सैल पडू दिला नाही. "माणसाला पीळ असला की वाईट, दोराला नसला की वाईट," असं ती म्हणायची.

तिथून मी दुकानात गेलो आणि दुकानातून ताईच्या हातात आलो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाबाहेरच्या मैदानावर लहान मुलांचं शिबिर भरायचं. आईबाप सकाळी मुलांना सोडत आणि दुपार कलली की घेऊन जात. शिबिर सरांचं होतं, ताई त्यांची मदतनीस. म्हणजे नाव सरांचं आणि पोरांची नाकं पुसायची ताईने. केसांत पांढऱ्या बटा आल्या होत्या, तरी सगळ्यांची ती ताईच होती.

तिने मला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारल्या आणि प्रत्येक गाठीवर जुन्या कपड्याची रंगीत चिंधी शिवली. ज्याची त्याची गाठ ठरलेली असे. पिवळ्या चिंधीवरून दोघींची रोज जुंपायची. झाडीत पक्षी बघायला जायचं असो की नळावर हात धुवायला, सगळी मला धरून निघायची. पुढचं टोक ताईच्या मुठीत असे. कुणी अडखळलं की मला हिसका बसायचा, तो तिला कळायचा आणि ती थांबायची.

शेवटची गाठ एका गोलमटोल मुलाची होती. त्याला वाटेत दिसेल ते बघायचं असे. मुंगी बघायची, शेंग बघायची, स्वतःची सावलीसुद्धा बघायची. मग मागून हाक यायची, "थांबा ना!" ताईने त्याचं नावच थांबाराव ठेवलं होतं.

सुट्टीच्या दिवशी ताई मला घरी नेऊन साबणाच्या पाण्यात धुवायची. तिची आई खाटेवरून बघत राहायची. "पोरं दुसऱ्यांची, शिबिर दुसऱ्याचं, हात मात्र तुझे सोलवटतात," ती म्हणायची. ताई हसायची आणि मला उन्हात पसरायची. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

मग एके सकाळी सर एका फोटोवाल्याला घेऊन आले. पुढच्या उन्हाळ्याच्या जाहिरातीसाठी त्यांना फोटो हवा होता. मुलांना त्यांनी झाडीपलीकडे तळ्याकाठी उभं करायला सांगितलं.

फोटोवाल्याने कॅमेऱ्याला डोळा लावला. सर त्याच्या खांद्यावरून बघत म्हणाले, "बाई, तो दोर काढा. गुरं बांधल्यासारखी दिसतात पोरं."

"सर, इथे पाण्याजवळ नको. मैदानात गेल्यावर सोडते की."

"दोन मिनिटांचं काम आहे. मी आहे ना इथे! तुम्ही जरा कॅमेऱ्यावर छत्री धरा, ऊन येतंय." आणि मुलांकडे वळून ते ओरडले, "दोर सोडा! हात वर करा! पळा!"

ताई क्षणभर घुटमळली. मग तिने मला खाली टाकलं आणि छत्री धरली.

मुलं हात वर करून उधळली. फोटो झाला, दुसरा झाला, सर खूश झाले. मी गवतात पडून होतो. कुणी ओरडलं नाही, काही पडल्याचा आवाजही आला नाही. पण ताईने एकदम छत्री टाकली. आज मागून "थांबा ना" ऐकू आलं नव्हतं.

काठाला शेवाळ होतं. थोडं आत पाण्यावर लाल सदऱ्याचा फुगा दिसत होता.

ताईला पोहता येत नव्हतं. तिने माझं एक टोक कमरेला आवळलं, दुसरं फोटोवाल्याच्या हातात कोंबलं आणि ती पाण्यात शिरली. चिखलाने तिचे पाय ओढले आणि पाणी गळ्याशी आलं. तेवढ्यात तिने सदरा पकडला. "ओढा!" ती किंचाळली. फोटोवाल्याने ओढलं. मित्रांनो, दोन जीवांचा भार माझ्या अंगावर होता. माझा एकेक पदर करकरला, पण मी धरून ठेवलं.

थांबाराव खोकला, पाणी ओकला आणि रडू लागला. त्याच्या रडण्याएवढा गोड आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

कमरेची गाठ सोडून ताई त्याला उराशी धरून झाडाखाली बसली होती. तेवढ्यात सरांनी मला गोळा केलं आणि अवजारांच्या खोलीत नेलं. दार लोटलं. माळ्याचा कोयता घेऊन त्यांनी मला मधोमध कापलं. कापलेली टोकं दगडावर घासली, त्यांचे धागे विस्कटले. बाहेर आले तेव्हा निरोप मिळून मुलाचे आईवडील धावत येत होते.

"दोर तुटला हो," सर मला उंच धरून म्हणाले. "जुना होता. बाईंनीच आणलेला."

"तुटला नाही," ताई म्हणाली. तिच्या पदरातून पाणी गळत होतं. "सरांनी सोडायला सांगितला. मी नको म्हटलं होतं. पण शेवटी मी सोडला."

मुलाचे वडील तिच्याकडे वळले. "म्हणजे तुम्ही सोडला?"

"हो. सोडला."

"बघा, स्वतःच कबूल करतायत," सर हळूच म्हणाले.

वडिलांनी फोटोवाल्याला विचारलं. त्याच्या तळहातावर माझे वळ लालभडक उमटलेले होते. त्याने हात खिशात घातले. "मी कॅमेऱ्यात बघत होतो, साहेब. मला काय कळणार!"

तेव्हा टॉवेलात गुंडाळलेला थांबाराव म्हणाला, "आई, सर म्हणाले दोर सोडा. सर म्हणाले पळा."

"बरं हं, राजा. गप पड आता," आई त्याला थोपटत म्हणाली. "घाबरलाय हो तो, काहीही बोलतोय."

ताईला त्याच दिवशी घरी पाठवलं. जाताना तिने मला मागितलं. सर म्हणाले, "शिबिराची वस्तू आहे." तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मुलं तिला शोधत होती, तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की ताई गावाला गेली.

माझा दुसरा तुकडा कुठे गेला ते मला ठाऊक नाही. मी फाटकाच्या खांबाला बांधलेला आहे आणि माझ्या दुसऱ्या टोकाला जाहिरातीचा कापडी फलक ताणलेला आहे. उन्हाने माझे पदर विरले. चिंध्या केव्हाच गळून पडल्या.

या उन्हाळ्यात नवी मदतनीस आली. पहिल्याच सकाळी तिने मला चाचपून पाहिलं. "सर, हा सोडून घेऊ का? मुलांना धरायला बरा पडेल."

"तो नको. तुटका आहे," सर म्हणाले.

मित्रांनो, मला जपा असं मी आता म्हणत नाही. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं. पण तुम्ही या फाटकातून झाडीकडे निघाल, तेव्हा एकमेकांचे हात घट्ट धरा. कुणी सोडा म्हणालं, तरी सोडू नका. आणि सगळ्यात मागे कोण आहे, ते वळून वळून बघत जा. मला इथून दिसतं, पण हाक मारता येत नाही.