सावलीची जागा

मी एक कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि कॅमेऱ्यांच्या मानाने आता बराच म्हातारा आहे. माझ्या मुठीवरचे रबर सुटत आले आहे. बॅटरीचे झाकण पितळेच्या एका खिळीवर टिकून आहे. पण मी अजून चालतो. माझ्यात काही काळ एक बाई राहिली. ती माझ्यातून कशी गेली, ते तुम्हाला सांगायचे आहे.

मला कुठल्या देशात जोडले ते आठवत नाही. एक पांढरी खोली आठवते आणि हातमोजे घातलेली बोटे आठवतात. तिथून मी चेन्नईला आलो, एग्मोर स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत. स्टुडिओचे मालक संध्याकाळी मला घेऊन मरीनाच्या वाळूत जाऊन उभे राहत. तेव्हा लोक आपणहून पुढे येत. "सार, एक फोटो!" म्हणत पोरे लाटांकडे पाठ करून रांगेत उभी राहत. फुगेवाला फुगे नीट करून घेई. उकडलेल्या चण्यांचे सुंडल विकणारी बाई पदर सारखा करी. तो फोटो त्यांच्या हाती कधी पडणार नसे, तरी ती माणसे खूश होत.

मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि स्टुडिओ बंद पडला. मी रिची स्ट्रीटवर जुन्या मालाच्या एका दुकानात काचेमागे धूळ खात राहिलो. तिथून मला कृष्णकांत आणि अंबुजा या नवराबायकोने उचलले.

कृष्णकांत गिंडीच्या एका कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झाले होते. घराणे तंजावरच्या मराठी लोकांपैकी. कितीतरी पिढ्या तमिळ मुलुखात गेल्या, पण घरातली मराठी टिकली, जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची.

"अय्यो, हें मोडकें कशाला?" दुकानात अंबुजा म्हणाली. "झांकण तर लागत नाहीं."

"झांकण मी करतों," कृष्णकांत म्हणाले. "तूं फोटो काढ."

त्यांनी ओळखीच्या लेथवर पितळेची खीळ कातून आणली आणि मी अंबुजाचा झालो.

तुम्हाला ठाऊक असेल, तमिळ घरांत पहाटे दारापुढची जागा झाडून, पाणी शिंपडून तांदळाच्या पिठाची रांगोळी घालतात. तिला कोलम म्हणतात. मार्गळी महिन्यात, म्हणजे थंडीच्या दिवसांत, कोलम इतके मोठे होतात की अर्धी गल्ली भरून जाते. उन्हे वर येईपर्यंत मुंग्या पीठ नेतात आणि उरलेल्यावरून स्कूटर जातात. अंबुजाला ते बघवत नसे. म्हणून मुंग्या येण्याआधी ती मला घेऊन तिरुवल्लिकेणीच्या गल्ल्यांतून निघे.

तिची एक रीत होती. दारात बाई वाकलेली असेल, तर ती मला पदराखाली झाके आणि हाक मारी. बाई उठून बाजूला झाली की "घेऊ का?" असे विचारी आणि मगच मला डोळ्याला लावी. काढलेला फोटो लगेच मागच्या पडद्यावर दाखवी. गल्लीत तिला सगळे कोलम-मामी म्हणत.

"मामी, थांबा, केस तरी विंचरते!" दिव्यश्री नावाची एक सून दरवेळी ओरडायची.

"तुझे केस कुणाला हवेत गं? मला तुझा कोलम हवा," अंबुजा म्हणायची. मग दिव्यश्रीची सासू विशालाक्षी आतून हसायची आणि कॉफीचा पेला बाहेर यायचा.

फोटोत आपली सावली आली की अंबुजा चिडायची. तो फोटो ती पुसून टाकायची आणि दुसऱ्या बाजूने नवा काढायची. त्यामुळे इतक्या वर्षांत मी तिच्या डोळ्याशी राहिलो, पण ती माझ्यात कुठेच नव्हती.

मार्गळीच्या शेवटच्या दिवशी तिला दम लागत होता. निघायला उशीर झाला, ऊन वर आले होते. माझ्यातले कार्ड तिने आदल्या रात्रीच रिकामे केले होते. पहिल्याच दारी तिने फोटो काढला आणि पांढऱ्या कोलमवर तिची सावली पडली. डोके, खांदा, मला धरलेल्या हाताचा कोपर. तिने पडद्यावर पाहिले. पुसण्याच्या बटणावर अंगठा गेला, आणि तसाच मागे आला. "असूं दे," ती म्हणाली. मग तिने नेहमीसारखी बाजू बदलली आणि बाकीची दारे केली.

त्याच आठवड्यात ती गेली.

ज्या घरात माणूस जाते त्या घराच्या दारात कोलम घालत नाहीत. कृष्णकांतांचा उंबरठा कोरडा राहिला. मुलगा कार्तिक हैदराबादला राहतो. तो फोनवर म्हणाला, "अप्पा, कार्डातले फोटो कॉम्प्युटरवर घेऊन ठेवा, हरवतील." कृष्णकांत "सरी, सरी", म्हणजे बरे बरे, म्हणाले. पण कार्डाचे झाकण शेवटचे अंबुजाने लावले होते, आणि ते उघडायला त्यांचा हात होईना. रोज संध्याकाळी ते पडद्यावर मागे मागे जात त्या पहिल्या फोटोपाशी थांबत. त्या सावलीला ते दिवसभरातले सांगत. भात करपला. नळाला पाणी आले नाही. माझ्या मुठीच्या खाचांत तेव्हा तिच्या बोटांचे तांदळाचे पीठ होते. ते त्यांनी कधी पुसले नाही.

पुढची मार्गळी आली. एका पहाटे त्यांनी मला गळ्यात घातले आणि ते तिच्या वाटेने निघाले.

मित्रांनो, त्यांनी एकही फोटो काढला नाही. कार्डात नवे काही घालायचेच नव्हते. ते नुसते माझ्यातून बघत. जिथे तिचा गाल टेकायचा तिथे गाल टेकवत आणि हळूच म्हणत, "दिसतें का गे तुला?" मला उत्तर देता येत नसे. पण खरे सांगतो, त्या थंडीत माझ्या काचेवर दोन श्वासांचे धुके बसते आहे, असे मला वाटायचे.

त्यांची एक चूक झाली. परक्या बाईशी तिच्या दारात जाऊन बोलणे त्यांच्या वळणात बसत नव्हते. घरी तसेच शिकवलेले. बाई कोलम घालत असेल तोवर ते समोरच्या बाजूला विजेच्या खांबाआड उभे राहत, तिला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून. ती आत गेली की मला डोळ्याला लावत. मनात मर्यादा होती. बाहेरून ती कशी दिसत होती, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

त्या वर्षात गल्ली बदलली होती. कोणीतरी लांबून, लपून, कोलम घालायला वाकलेल्या बायकांचे व्हिडिओ काढले होते आणि घाण शब्द लिहून इंटरनेटवर टाकले होते. त्यात दिव्यश्री होती. तो व्हिडिओ पहिल्यांदा दिसला तो दिव्यश्रीच्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या अवनीला. ती नाशिकची, एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. तेव्हापासून दिव्यश्री कोलम घाईघाईने घाली आणि सारखी मागे वळून बघे.

मग एका पहाटे अवनीला गच्चीवरून खांबाआड एक माणूस दिसला. त्याच्या हातात लांब भिंगाचा कॅमेरा होता.

ती ओरडली. दारे उघडली. दिव्यश्रीचा नवरा गिरीधर लुंगी खोचत धावत आला आणि त्याने माझा पट्टा धरला. कृष्णकांतांची मान हिसक्यासरशी खाली वाकली.

"कुणाचे फोटो काढतोस? कुणासाठी काढतोस?"

"एकही काढला नाही, तंबी," ते तमिळमध्ये म्हणाले. "नुसता बघत होतो."

"ऐकलंत? नुसता बघत होता म्हणे!"

कोणीतरी हसले. भोवती जमलेल्यांचे फोन वर झाले आणि सगळे त्यांचे चित्रीकरण करू लागले. माझ्यावर सगळ्यांचा राग होता. त्या फोनांकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

गिरीधरने माझा पडदा उघडला. त्यात एकही बाई नव्हती. दारे होती. एकामागून एक, गल्लीतली सगळी दारे.

"हे बघा, आपलं दार! हे तुमचं! घरं हेरून ठेवलीत यानं!"

आता गर्दीला दुसरे भय मिळाले. "पुस सगळं," कोणीतरी म्हणाले. गिरीधरचा अंगठा बटणे शोधू लागला. तेव्हा कृष्णकांतांच्या तोंडचे तमिळ गेले आणि घरातली बोली बाहेर पडली.

"नको रे बाबा, तें पुसूं नको! तिची साउली आहे त्यांत. येवढीच उरली आहे!"

अवनी धावत खाली आली होती. ती जागच्या जागी थबकली. ज्याला तिने चोर म्हणून दाखवले तो तिच्याच भाषेत रडत होता. "थांबा, थांबा, ऐका ते काय म्हणतायत," ती म्हणेपर्यंत माझ्या पडद्यावर फोटोंचा आकडा शून्य झाला होता.

गिरीधर तेवढ्यावर थांबला नाही. त्याने मला उलटे फिरवले. "आता तुझा फोटो. बघ कसं वाटतं ते," असे म्हणून त्याने माझे बटण दाबले. समोर जे असेल ते घ्यायचे, एवढेच मला येते. मी घेतले.

तेवढ्यात विशालाक्षी भिंत धरत दारात आली. तिचे गुडघे आता चालत नाहीत. तिने माझी पितळेची खीळ पाहिली.

"मेल्या, सोड त्यांना," ती मुलावर ओरडली. "हा कोलम-मामीचा कॅमेरा आहे. हे तिचे यजमान." मग ती कृष्णकांतांना म्हणाली, "मामी या मार्गळीत दिसल्या नाहीत. गावाला गेल्या का?"

त्यांनी मान हलवली. तिला कळले. फोन एकेक करून खाली आले. दाराआडून बघणारी दिव्यश्री पदर तोंडाला लावून आत गेली.

अवनी त्यांना घरापर्यंत सोडायला आली. वाटेत ती म्हणाली, "काका, मी ओरडले म्हणून हे झालं. पण मला खरंच वाटलं की..."

"तूं ओरडलीस तें बरोबर केलेंस," कृष्णकांत म्हणाले. "मी खांबाआड कां उभा राहिलों? चोर तिथेंच उभा राहतो."

"काका, एक ऐका. आता याच्यानं एकही फोटो काढू नका. पुसलेलं परत आणता येतं कधीकधी. मी सुट्टी टाकते, आपण उद्या जाऊ."

तिचे म्हणणे खरे होते, मित्रांनो. पुसलेला फोटो लगेच जात नाही. जागा रिकामी आहे, एवढीच पाटी दाराला लागते. आतले माणूस आतच असते, नवे कोणी राहायला येईपर्यंत. त्या रात्री कृष्णकांत मला उशाशी घेऊन बसले. पडदा काळा होता. माझ्यात अंबुजा आहे की नाही, हे मलाही कळत नव्हते. कधी वाटे, आहे. कधी वाटे, त्या जागी कोणीतरी जोरजोरात श्वास घेते आहे.

दुसऱ्या दिवशी रिची स्ट्रीटवरच्या एका दुरुस्तीवाल्याने कार्ड काढून यंत्रात घातले. कार्डाचे झाकण उघडताना कृष्णकांत भिंतीकडे बघत राहिले. बराच वेळ गेला. मग त्याच्या पडद्यावर दारे परत येऊ लागली. पिठाचे ठिपके, वेटोळ्या रेषा, कोलमच्या मध्यात ठेवलेली भोपळ्याची पिवळी फुले. विशालाक्षीचे दारही आले.

"आले, काका!" अवनी म्हणाली.

"पहिला?" त्यांनी विचारले.

पहिल्या जागी एक हललेला फोटो होता. म्हातारा चेहरा, भेदरलेला, तोंड उघडे, दोन्ही हात जोडलेले.

"हा नवा आहे," दुरुस्तीवाला तमिळमध्ये म्हणाला. "कार्ड रिकामं केल्यावर पहिला नवा फोटो सुरुवातीलाच बसतो. तिथं जुना होता तो गेला, सार. बाकीचे मिळाले." मग त्याचा हात माऊसकडे गेला. "हा कशाला ठेवायचा? पुसून टाकतो."

"वेण्डाम," कृष्णकांत घाईने म्हणाले. नको.

"काका, तो बघून त्रासच होईल," अवनी म्हणाली.

ते तिच्याकडे वळले. "असूं दे. मी तिथून उठलों, तर तिच्या जागेवर दुसरें कुणी येऊन बसेल."

 कार्डाच्या कडेला एक बारीक कळ असते. ती सरकवली की कार्डात नवे काही लिहिता येत नाही आणि जुने पुसता येत नाही. दुरुस्तीवाल्याने मिळालेले फोटो कार्डात परत भरले आणि ती सरकवून दिली.

आता मी फोटो काढत नाही. संध्याकाळी कृष्णकांत मला उघडतात आणि मागे मागे जात स्वतःच्याच भेदरलेल्या चेहऱ्यापाशी थांबतात. त्याच्याशी काही बोलत नाहीत. त्याच्यामागे कोणी उभे आहे का, ते बघतात.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी माझ्यासारखा कॅमेरा गळ्यात घालून बाहेर पडेल. त्याने खांबाआड उभे राहू नये. समोर यावे आणि विचारावे. आणि ज्याच्या दारी असा कोणी उभा दिसेल, त्यानेही आधी विचारावे, "आजोबा, काय बघता?" ओरडायचे असेल तर नंतरही ओरडता येते. पट्टा धरून हिसकावण्याआधी त्या माणसाला एक वाक्य पुरे बोलू द्या. कृष्णकांतांचे वाक्य एवढेच होते: "तिची साउली आहे त्यांत." ते पहिल्यांदाच ऐकून घेतले असते, तर अंबुजा आज माझ्यात असती.